आरान

इंग्लिश लेखक व भाषाशास्त्रज्ञ जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांनी रचलेल्या क्वेन्या आणि सिंदारिन या, एल्फ नावाच्या कल्पित वंशाच्या भाषांतील ‘राजा’ या अर्थाचा शब्द. कल्पित भाषेतला शब्द म्हणजे कथेला जोडलेली शोभा, असा समज आढळतो. या शब्दाचा विस्तार पाहता तो समज टिकत नाही. क्वेन्यात त्याचे अनेकवचन ‘आरानि’ होते. सिंदारिनमध्ये प्रत्यय न लागता आतले स्वर बदलतात आणि ‘एराइन’ हे रूप तयार होते. हा नियम टोल्किन यांच्या आवडत्या वेल्श भाषेतून आला आहे. वेल्शमध्ये ‘दावाद’ म्हणजे मेंढी, ‘देवाइद’ म्हणजे मेंढ्या. स्वरबदल अगदी तोच. टोल्किन यांच्या कथांतील आर्गोनाथ या राजशिलांच्या नावात आणि थिंगोल राजाच्या आरानरूथ या तलवारीच्या नावातही हाच शब्द दडलेला आहे.

ज्या भाषेला बोलणारा समाज नाही, तिच्या शब्दाला इतिहास कसला, हा आक्षेप रास्त आहे. पण इतिहासाचे भाषेतले लक्षण म्हणजे नियमबद्ध बदल, आणि तो येथे तपासून पाहता येतो. राजसत्तेचे राजकारणही शब्दांतच उमटते : याच कथांतील न्यूमेनोर या राज्याच्या राजांनी एल्फांशी वैर धरल्यावर नावाआधीचा क्वेन्या ‘तार-’ टाकून आपल्या भाषेतला ‘आर-’ लावला. पुढे तार-पालांतिर या राजाने जुनी रीत पुन्हा स्वीकारली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) वाचताना परिशिष्टे वगळू नयेत. राजांची ही वंशावळ तेथेच आहे.