सतरा नंबरची ओसरी

फर्दापूर फाट्यावरून निघालेली अजिंठा लेण्यांची बस वळणाआड जाते आणि तुमच्या पायाखालचं डांबर संपतं. 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला आलेला जॉन स्मिथ, दहा नंबरच्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून गेलेला, तोही मागे पडतो. अजून साडेतेराशे वर्षं मागे जाता. आता ना तिकीटखिडकी, ना कठडे. इ.स. 470 च्या सुमाराचा हा सोयगावचा मुलूख. खाली वाघूर नदी, वर छिन्नीचा ठणठणाट.

ज्याला आज आपण सतरा नंबर म्हणतो त्या लेण्याच्या ओसरीत चढता. माती, शेण, भाताची तुसं कालवून केलेला गिलावा अजून ताजा आहे. चितारी चुन्याच्या पातळ थरावर गेरू ओढतोय. निळा रंग मात्र जपून, चिमटीनं. तो दगड अफगाणिस्तानातून येतो. डाव्या हाताला एकजण भिंतीत संस्कृत श्लोक खोदतोय. तुम्हाला वाटतं, राजाच्या लढायांचं कौतुक असेल.

तसं थोडं आहेच. वाकाटक सम्राट हरिषेणाचं नाव आहे, अश्मकांवरच्या विजयाचा उल्लेख आहे. पण पुढे मजकूर वळतो. हे लेणं देणाऱ्या मांडलिक राजाचा धाकटा भाऊ रविसांब गेला. (राजाचं नाव आज लेखातून झिजलंय, अभ्यासक वॉल्टर स्पिंक त्याला उपेंद्रगुप्त म्हणत.) थोरला रडला, अनित्यतेच्या विचारानं त्याला घेरलं, आणि मग तो दानधर्माकडे वळला. हे सगळं ओसरीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

राजाला हे लपवता आलं असतं. लपवणं आपल्याला चांगलं जमतं. घरातला पोरगा महिनाभर झोपला नाही, वावरात जात नाही, तर पाहुण्यांना सांगायचं, ‘अंगात कणकण आहे.’ मग ‘बाहेरचं’ बघणारा, अंगारा, गंडा. लेकीचं लग्न जमायचं असेल तर भावाच्या गोळ्यांची पाकिटं कणगीमागे. बदनामीची भीती खोटी नसते, म्हणून तर ती इतकी चिवट.

इकडे लेण्यात पौर्णिमेची रात्र. आज पोषध, म्हणजे संघाचे नियम म्हणण्याचा दिवस. भिक्खू जमलेत. एका कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला मध्यमवयीन भिक्खू तुमच्या नजरेत भरतो. मागच्या पावसाळ्यात त्याचं चित्त ढळलं होतं. तो बडबडायचा, नियम मोडायचा. आता सावरलाय, तरी एक तरुण पुन्हा टोचतो, ‘त्या दिवशी तू अमुक केलंस, कबूल कर.’ तो म्हणतो, ‘मला भान नव्हतं. आठवत नाही.’ ही प्राकृत तुम्हाला अर्धीमुर्धी कळते. आपल्या मराठीची आजीच ती.

स्थविर उठतात. वेडाच्या भरात घडलेल्याचा दोष याला लावू नये, असा प्रस्ताव मांडतात, मग तोच ठराव तीनदा म्हणतात. ज्याला अमान्य त्यानं बोलावं. कुणी बोलत नाही. झालं! याला अमूढविनय म्हणतात. गग्ग नावाच्या भिक्खूला वेड लागलं, तो बरा झाल्यावरही लोक त्याला जुन्या गोष्टी ऐकवू लागले, म्हणून बुद्धानं हा नियम घालून दिला, असं विनयपिटक सांगतं. आठवत असूनही वेडाचं सोंग घेणाऱ्याला तो मिळत नाही. पण एकदा मिटलेलं प्रकरण कुणी उकरलं, तर दोष उकरणाऱ्याचा. आपल्या पारावर एवढा एकच कायदा आला असता तरी पुष्कळ होतं.

सभा उठल्यावर म्हातारे स्थविर तुम्हाला कोठडीत नेतात. आत गारवा, वटवाघळांचा वास. ‘शरीरानं शंभर वर्षं निरोगी राहिलेला माणूस सापडेल,’ ते म्हणतात, ‘मनानं क्षणभर निरोगी असलेला अर्हतांवाचून नाही, असं तथागतांनी सांगितलंय. मग कुणी कुणाला हसायचं?’

‘मग मी माझ्या आजारी भावाला इथं ध्यानाला बसवू?’ तुम्ही विचारता.

ते घाई करत नाहीत. वैशालीची गोष्ट सांगतात. देहाच्या अशुभतेचं ध्यान करता करता काही भिक्खूंना जगणंच नकोसं झालं, कित्येकांनी जीव दिला. ते कळल्यावर बुद्धानं उरलेल्यांना वेगळी वाट दिली, श्वासाकडे पाहण्याची. श्वास आत येतोय, कळतंय. बाहेर जातोय, कळतंय. रडू येतंय, तेही कळतंय. त्याला हाकलायचं नाही. ‘आजाऱ्याला आधी वैद्य आणि सोबत,’ ते म्हणतात. ‘बसणं मग.’

परतताना काळ भराभर सरकतो. 1969 साली ब्रह्मदेशातून विपश्यना-गुरू सत्यनारायण गोएंका येतात. त्यांना स्वतःला मायग्रेननं विपश्यनेकडे नेलेलं. 1976 साली इगतपुरीला धम्मगिरी. पुढे छत्रपती संभाजीनगरला धम्म अजंता केंद्र. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधं विचारतात, कारण इतक्या दिवसांचं मौन प्रत्येकाला झेपत नाही. तो रकाना पुष्कळ घरं कोरा सोडतात. तुम्ही सोडू नका; डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करून तर अजिबात जाऊ नका. रात्री-अपरात्री 14416 लावा. ही टेलिमानस, सरकारी मनोआरोग्य मदतवाहिनी, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि फोन माडीवर जाऊन दबक्या आवाजात कशाला, ओसरीतूनच करा.