पिकअपचा पुढचा ब्रेक धरून राहतोय? दोष असा शोधा

पेडलवरून पाय काढल्यानंतरही ब्रेक पॅड डिस्कला घासत राहिले, तर ब्रेक धरून राहतोय असे समजावे. सुरवातीला डिझेल थोडे जास्त लागते आणि पॅड लवकर झिजतात, म्हणून दुर्लक्ष होते. खरा धोका भरलेली गाडी घाट उतरताना असतो. नाशिकहून टोमॅटो किंवा भाजीपाला घेऊन कसारा घाट उतरताना आधीच तापलेला ब्रेक आणखी तापतो. ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल दाबल्यावर बुडबुडेच दाबले जातात आणि ब्रेक लागत नाही.

लक्षणे
• गाडी चालताना किंवा ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.
• सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबते.
• एका चाकाजवळ जळका वास येतो, रिम जास्त तापते.
• एका बाजूचे पॅड दुसऱ्या बाजूपेक्षा लवकर झिजतात.

पहिली तपासणी : कोणते चाक तापते?
रिकामी गाडी ८ ते १० किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा. थांबल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक रिमजवळ न्या. हात लावू नका, भाजेल. दोन्ही पुढची चाके सारखीच कोमट असतील तर ठीक. एकच चाक तापले असेल, तर दोष बहुधा त्याच चाकाच्या कॅलिपरमध्ये किंवा रबरी होजमध्ये असतो. दोन्ही चाके खूप तापली असतील, तर मास्टर सिलिंडर, बूस्टर किंवा पेडलकडे पाहावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

दुसरी तपासणी : चाक फिरवून पाहा
गाडी सपाट, टणक जागेवर लावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पुढचे चाक उचलून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. एकाने पेडल तीन-चार वेळा दाबून सोडावे, दुसऱ्याने चाक हाताने फिरवावे. हलका घासल्याचा आवाज चालतो. चाक हाताने फिरतच नसेल, तर ब्रेक अडकला आहे. चाक फिरते पण खरखरते किंवा हलते, तर बेअरिंगही तपासावे.

तिसरी तपासणी : दाब अडकला की भाग?
ही तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी. चाक अडकलेले असतानाच कॅलिपरवरील ब्लीडर निपल थोडे सैल करावे.

१. चाक मोकळे झाले नाही : दोष कॅलिपरमध्ये आहे. सरकपिना कोरड्या किंवा गंजलेल्या असतील, अथवा पिस्टनचे रबरी बूट फाटून आत पाणी-चिखल गेला असेल.
२. चाक मोकळे झाले : ऑइलचा दाब मागे परतत नाही. निपल बंद करून पेडल पुन्हा दाबून सोडावे. चाक अडकले, की होजचा वरचा, लोखंडी पाइपकडचा जोड सैल करावा.
 • तरीही चाक अडकलेलेच राहिले, तर होज आतून सुजला आहे. बाहेरून तो चांगला दिसू शकतो. तो बदलावा.
 • चाक मोकळे झाले, तर दोष होजच्या वर आहे. पेडल पूर्ण वर येते का, त्याला थोडी मोकळीक आहे का, हे आधी पाहावे. मोकळीक नसेल तर मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र झाकलेले राहते आणि दाब सुटत नाही.

जोड सैल केल्यानंतर ऑइलची पातळी भरून ब्रेकमधील हवा काढणे आवश्यक आहे.

चुकीचे ऑइल टाकू नका
ब्रेक ऑइल कमी झाले म्हणून इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा डिझेल कधीही टाकू नये. त्याने आतील रबर फुगते आणि ब्रेक अडकतात. असे झाले असल्यास गाडी चालवू नका. नुसते ऑइल बदलून भागत नाही. सर्व सील आणि होज बदलावे लागतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ हाच प्रकार वापरावा.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंश सेल्सिअसपर्यंत खाली येते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

दुरुस्ती व देखभाल
• सरकपिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस रबर खराब करते.
• पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत.
• पावसाळा संपल्यावर आणि चिखलातील वाहतुकीनंतर बूट फाटले आहेत का ते पाहावे.
• दुरुस्तीनंतर आधी रिकामी गाडी चालवून रिम पुन्हा तपासावी, मगच माल भरावा.

वाटेत जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर गिअर खाली घेत सुरक्षित जागी थांबा. ब्रेक थंड झाल्यावर तो ठीक वाटला, तरी भरलेली गाडी घाटात नेऊ नका. माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवा आणि ब्रेक तपासून घ्या.