‘दिण्णले, गहियले’पासून ‘अय्यो’पर्यंत : विनोदातील भाषिक साचे आणि पिंपरी-चिंचवड–चाकण परिसर

मराठी माणसाचे परक्याने रेखाटलेले एक अतिशय जुने शब्दचित्र थट्टेच्या अंगाने जाणारे आहे. शके ७०० च्या अखेरीस, म्हणजे इ. स. ७७९ च्या सुमारास, उद्द्योतनसूरीने जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यातील एका प्रसंगी बाजारपेठेत देशोदेशींचे व्यापारी जमलेले दिसतात, आणि कथाकार प्रत्येकाचे रूप, स्वभाव व बोलण्याची लकब एकेका गाथेत आटोपतो. त्यांतील मरहट्टा अंगाने दणकट, ठेंगू व सावळा आहे. सोशिक आहे, पण अभिमानी आणि भांडखोरही आहे. आणि तो ‘दिण्णले, गहियले’ असे बोलतो. मराठी भाषेच्या इतिहासात ह्या दोन शब्दांना मोठे मोल आले, कारण ‘दिले’, ‘घेतले’ ह्या रूपांतील भूतकालवाचक ‘ल’ त्यांत स्पष्ट दिसतो. शब्द पुराव्यादाखल उचलले गेले. शब्दांच्या शेजारी उभा असलेला तो ठेंगू, भांडखोर माणूस मात्र दुर्लक्षित राहिला. वस्तुतः दोन्ही गोष्टी एकाच कृतीची अंगे आहेत. उद्द्योतनाने मराठीचे व्याकरण नोंदविलेले नाही; बाजारात कानांवर पडणाऱ्या गलक्यातून मरहट्टा ओळखू येण्यास पुरेशी अशी एक खूण त्याने उचलली आणि तिला एक स्वभाव जोडून दिला. आंध्रांच्या तोंडी त्याने ‘अटि पुटि रटिं’ असे घातले आहे. ते वाचले म्हणजे लेखक तेलुगू जाणत नव्हता, केवळ ऐकत होता, हे ध्यानात येते.

विनोदातील जातिविशिष्ट वा प्रांतविशिष्ट पात्र कसे घडते, ह्याचे सूत्र येथेच सापडते. साचा पूर्ण बोलीवर उभा राहत नाही. दोन-तीन लक्षणे निवडली जातात, आणि ती लक्षणे कोणताही खरा भाषक पाळीत नाही इतक्या काटेकोरपणे पाळली जातात. संस्कृत नाटकाने तर ह्यास शास्त्राचे रूप दिले. भरताच्या नाट्यशास्त्रात मागधी, अवंतिजा, प्राच्या, शौरसेनी, अर्धमागधी, बाल्हीका आणि दाक्षिणात्या अशा सात भाषा पात्रांना वाटून दिल्या आहेत. ‘मृच्छकटिका’तील शकार ‘स’च्या ठिकाणी सर्वत्र ‘श’ उच्चारतो, एवढ्यावरून त्याचा मूर्खपणा व क्रौर्य प्रेक्षकांस आधीच विदित होते. मगधातील एखादा सज्जन गृहस्थही ‘श’च उच्चारीत असेल, हा विचार नाट्यगृहात कोणास सुचण्याचे कारण नव्हते.

बहुभाषिकतेचे प्रत्येक नाट्यरूप उपहासाकडेच वळते असे मात्र नाही. तंजावरच्या शहाजीराजाने (कारकीर्द १६८४ ते १७१२) रचलेल्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी ह्या भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. तेथे भाषाभेद हा दरबाराच्या वैभवाचा भाग आहे. एकनाथांच्या भारुडांत महार, जोशी, गोंधळी आपापल्या बोलण्याने येतात आणि शहाणपण त्यांच्याच मुखातून बाहेर पडते. ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघेही परस्परांची यथेच्छ उणीदुणी काढतात, पण शेवट समेटात होतो. हाच धागा तमाशाच्या वगात पुढे चालू राहिला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या १९६५ च्या लोकनाट्यात ग्रामीण बोलीचा हवालदार हास्यास्पद होत नाही. हास्यास्पद होते ती सत्ता.

आता पिंपरीकडे वळावयाचे. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली आणि तिच्या वसाहतीत देशाच्या अनेक प्रांतांतील कुटुंबे शेजारी राहू लागली. साठोत्तर काळात टेल्को व आकुर्डीचा बजाज कारखाना आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. चाकण हे तर भुईकोट किल्ल्याचे आणि कांद्याच्या बाजाराचे जुने गाव. तेथे गेल्या तीन दशकांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. ‘कुवलयमाले’तील बाजारपेठेत जे दृश्य घडीभर दिसले, ते येथे कारखान्याच्या फाटकाशी पाळी बदलताना रोज दिसते.

अशा ठिकाणी माणसांना हाक मारण्याचे शब्दच आधी साचे बनतात. ‘भैया’ म्हणजे भाऊ. ‘अण्णा’ म्हणजे वडील भाऊ, आणि हा शब्द मराठी घरांतही आदराचा आहे. परंतु नात्याचे हे शब्द एका अखंड समूहाची नावे झाली, आणि त्यांतील आदर गळून पडला. ‘मद्रासी’ ह्या एका शब्दाने चार भाषांची माणसे एका पोत्यात भरली. मुंबईकराच्या तोंडचा ‘घाटी’ हा शब्द ह्याच जातीचा. त्या मोजमापाने पिंपरीतील मूळचा मावळी शेतकरीही घाटीच ठरतो. थट्टा करणारा आणि थट्टेचा विषय ह्यांच्या जागा केवळ एका घाटाच्या अंतराने बदलतात. ह्या शब्दांची परिणती नेहमी हसण्यातच होते असे नाही. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत लुंगी ह्या वस्त्राची टवाळी दाक्षिणात्यांविरुद्धच्या राजकीय घोषणेत शिरली, आणि ज्यांच्याविरुद्ध ती घोषणा होती त्यांना तिचा अर्थ विनोद म्हणून लागला नाही.

मुंबई दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकाद्वारे पुणे परिसरात कार्यक्रम दिसू लागले. दूरचित्रवाणीने साचा निर्माण केला नाही; ‘पडोसन’ (१९६८) मध्ये मेहमूदने रंगविलेला दाक्षिणात्य गायनशिक्षक त्यापूर्वीच घराघरांत ठाऊक होता. दूरचित्रवाणीने साच्याची वारंवारता वाढविली. १९९३ मध्ये ‘ज़बान संभाल के’ ही मालिका आली. तिचा मूळ नमुना ‘माइंड युअर लँग्वेज’ ही १९७७ ची ब्रिटिश मालिका. तेथे परदेशी लोक इंग्रजी शिकत. येथे पंकज कपूर ह्यांनी साकारलेल्या शिक्षकाच्या वर्गात निरनिराळ्या प्रांतांची आणि देशांची माणसे हिंदी शिकू लागली. लंडनमध्ये अशा चित्रणाच्या आक्षेपार्हतेमुळे १९७९ मध्ये वाहिनीच्या अधिकाऱ्याने मालिका थांबविली होती. तीच मांडणी चौदा वर्षांनी भारतात विनातक्रार रुजली, हे लक्षणीय आहे. त्या वर्गात विजू खोटे ह्यांचा मराठी विद्यार्थीही बसलेला होता. पिंपरीच्या प्रेक्षकाला तमिळ विद्यार्थ्याला हसताना जो निर्भेळ आनंद होई, त्यात आपल्याच भाषेच्या पात्राची पाळी येताच थोडी खोट येत असली पाहिजे. मालिकेची खरी युक्ती अशी की, वर्गातील प्रत्येकजण आपापल्या भाषेत प्रवीण असूनही प्रेक्षकांसमोर केवळ अपुरा हिंदी भाषक म्हणून उभा राहतो.

२००८ पासून सुरू असलेली ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही मालिका वसाहतीचे चित्र रंगविते. तिचा उगम तारक मेहता ह्यांच्या ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातील गुजराती सदरात आहे. तीत गुजराती दुकानदार, पंजाबी सोढी, मराठी शिक्षक भिडे आणि तमिळ शास्त्रज्ञ अय्यर शेजारी आहेत. भिडे काटकसरी आणि नियमनिष्ठ. अय्यर विद्वान, पण त्याच्या सावळ्या वर्णावर विनोद ठरलेला. आठव्या शतकातील मरहट्ट्याचा सावळा रंग येथे अय्यरच्या अंगी लागला आहे, आणि त्याची भूमिका करणारे तनुज महाशब्दे मराठीभाषक आहेत. मार्च २०२० मध्ये मालिकेतील एका पात्राने मुंबईची भाषा हिंदी असल्याचे म्हटले; महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने आक्षेप घेतला आणि निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. भाषेच्या दर्जाविषयीचा हा आक्षेप समजण्यासारखा आहे. अय्यरच्या वर्णाचा प्रश्न मात्र त्या वादात आला नाही.

मराठी विनोदाचे घरचे लेखेही तपासले पाहिजे. ‘वस्त्रहरण’ (१९८०) मध्ये गंगाराम गवाणकरांनी मालवणी गावकरी महाभारताचे नाटक करताना दाखविले. मच्छिंद्र कांबळी व सहकाऱ्यांच्या तोंडी ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ ही रूपे पिकत असता गडबडते ती पौराणिक नाटकाची भारदस्त भाषा. हसू बोलीला येत नाही. बोलीच्या दणक्याने कोसळणाऱ्या प्रतिष्ठेला येते. लक्ष्मण देशपांडे ह्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ह्या एकपात्री प्रयोगाने ग्रामीण बोलीला असाच आत्मविश्वास दिला. ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४) आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८) ह्या कार्यक्रमांत भारत गणेशपुरे वऱ्हाडी घेऊन आले, ओंकार भोजने व प्रभाकर मोरे कोकणी बोलणे घेऊन आले. आपली बोली आपणच बोलणाऱ्या नटाजवळ लक्षणांचा साठा मोठा असतो. उसनी बोली बोलणाऱ्याजवळ तीन-चारच लक्षणे असतात, म्हणून तो ती पुन्हा पुन्हा वापरतो. प्रेक्षकाला हा भेद शब्दांत सांगता आला नाही तरी कानाला कळतो.

तथापि आपल्या माणसाने केलेली थट्टाही सर्वस्वी निरुपद्रवी नसते, कारण कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक एकजिनसी नाही. ‘करून राहिलो’ हे वऱ्हाडी रूप क्रियेचे सातत्य दाखविते, ‘काय करायलास?’ असे विचारणारा मराठवाड्यातील माणूसही तीच छटा दुसऱ्या साधनाने व्यक्त करतो. पुण्याचा ‘करतोयस’ हाही त्याच कामासाठी घडलेला एक संक्षेपच. ह्यांपैकी एकच रूप शाळेत शुद्ध ठरते आणि उरलेली दोन छोट्या पडद्यावर टाळ्या घेतात. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात ग्रियर्सनने वऱ्हाडीचे नमुने इतर बोलींच्या पंक्तीस, हसण्याची सूचना न देता, छापले होते. नांदेडचा वा अमरावतीचा तरुण चाकणच्या कारखान्यात मुलाखतीस बसतो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने ते रूप सर्वेक्षणात वाचलेले नसते, रात्रीच्या कार्यक्रमात ऐकलेले असते. मग उमेदवार ‘करायलोय’ गिळून ‘करतोय’ म्हणतो, आणि घरी फोन लावल्यावर पुन्हा ‘करायलोय’कडे येतो.