बीपी उतरण्याआधीचा शॉक

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. यांतल्या पहिल्या रस्त्यावर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत थेट हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं दगावली. जखमींना शिरपूर आणि धुळ्याच्या दवाखान्यांत हलवलं. एकट्या शिरपूर-धुळे टप्प्यालाच पन्नासेक किलोमीटर पडतात. अशा अपघातातून जागच्या जागी वाचलेल्याचं पुढे काय होणार, हे बहुतेकदा याच वाटेवर ठरतं. आणि नेमक्या याच काळात बीपीचं यंत्र फसवतं.

पेशींना गरजेइतका प्राणवायू पोचेनासा झाला की तो शॉक; बीपी किती, हा नंतरचा प्रश्न. साठ किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ४२०० मिली रक्त असतं. त्यातलं सहाशे मिली गेलं तरी वरून फारसं कळत नाही. पुढे साधारण साडेबाराशे मिलीपर्यंत शरीर कातडीच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदय जोरात पळवतं आणि वरचं बीपी टिकवून धरतं. त्यानंतर ते कोसळतं, ते एकदमच.

म्हणून ११०/९० हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. वरच्या-खालच्या आकड्यांत फक्त वीसचं अंतर आहे, म्हणजे रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या आहेत. सोबत नाडी १२४ असेल, तर नाडीला वरच्या बीपीने भागावं: १.१३. निरोगी माणसात हा भागाकार ०.५ ते ०.७ असतो, ०.९ च्या पुढे गेला की रक्त मागवायची तयारी सुरू करावी. अलगॉवर आणि बुरी यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा हिशेब मोबाइलवरही होतो, तरी केसपेपरवर क्वचित दिसतो. दोन ठिकाणी मात्र तो चुकतो. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या म्हाताऱ्याची नाडी वाढतच नाही. आणि गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असल्याने बाळंतिणीचा रक्तस्राव बराच वेळ झाकला जातो. सातपुड्याच्या पाड्यांवर, जिथे पंडुरोग आणि सिकलसेल दोन्ही आहेत, तिथे बाईचं हिमोग्लोबिन मुळातच सात असलं, तर पाचशे मिलीसुद्धा तिला पेलत नाही.

यंत्रापेक्षा हात आधी बोलतो. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडावं. लाली परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर धोका. डिसेंबरच्या थंडीत ही खूण कच्ची ठरते. पण मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा ४४ वर असताना, कुणाचे हातपाय गार पडून दरदरून घाम सुटला असेल, तर हवेला दोष देता येत नाही. उलट बाजूही आहे. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये सुरुवातीला हात उबदार असतात. तिथे भराभर चाललेला श्वास आणि पेशंटचं असंबद्ध बोलणं पाहावं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतला मजूर उन्हाने बरळत असेल आणि अंग चाळीस अंशांपुढे तापलं असेल, तर आधी अंगावर पाणी आणि वारा, मग बाकीचं.

शॉक ओळखला की आपल्याकडे हात सलाईनच्या बाटलीकडे जातो. जुलाबाने किंवा उन्हाने सुकलेल्याला ती संजीवनीच. रक्तस्रावात मात्र तिने रक्त पातळ होतं, गोठेनासं होतं. तिथे जखम दाबून धरणं, तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि लवकर रक्त, हा क्रम. डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत वरचं बीपी ८०-९० वर ठेवलं तरी चालतं. सर्पदंशाची लस सुरू असताना अंगावर गांधी उठून बीपी पडलं, तर मांडीच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन, तेही ताबडतोब. स्टेरॉइडची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. छातीत हवा कोंडली असेल तर सुई घालून ती सोडावी लागते, बाटल्यांनी काही होत नाही.

सर्वांत मोठा धडा विंचवाने शिकवला. लाल विंचवाच्या विषाने ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. हातपाय इथेही गारच, घाम इथेही तसाच. पण यात भरभरून सलाईन दिलं तर पेशंट त्यातच बुडतो. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी इथे वापरली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. शॉकच्या पेशंटला रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देणं हे त्या काळी धाडसच होतं. म्हणून बाटली लावण्याआधी मानेच्या शिरा फुगल्यात का आणि पाठीवर खाली करकर ऐकू येते का, हे पाहायला अर्धं मिनिट द्यावं. सुका माणूस असेल तर मान सपाट असते.

१०८ ची गाडी २०१४ पासून रस्त्यावर आहे. तिच्यात पेशंट चढवताना लघवीची नळी घालून पिशवी रिकामी करावी आणि वेळ लिहावी. साठ किलोच्या माणसाला ताशी किमान तीस मिली लघवी व्हायला हवी. शिरपूरहून निघालेली पिशवी धुळ्यात कोरडीच उतरली, तर वाटेत बीपी ११० राहिलं असलं तरी उपचार कमी पडलेत किंवा चुकलेत. रेफर चिठ्ठीवर बीपीच्या शेजारी नाडी, लघवी आणि किती बाटल्या गेल्या हे तिन्ही आकडे वेळेसकट असावेत.