मागें राहिलेल्यांचें गांव



अलिबागहून दक्षिणेस रेवदंड्याकडे जाणारा प्रवासी कुंडलिकेच्या खाडीशीं येतांच पलीकडच्या तीरावर समुद्रांत शिरलेला एक लांबट डोंगर पाहतो. तोच कोर्लईचा किल्ला. बहुतेक प्रवासी तट पाहतात, दीपगृह पाहतात आणि परत फिरतात. पायथ्याच्या गांवाकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. आज मला किल्ल्याविषयीं थोडें आणि त्या गांवाविषयीं अधिक बोलावयाचें आहे. कारण किल्ल्याचा इतिहास संपला. गांवाचा अद्याप चालू आहे.

चौल हें फार प्राचीन बंदर. ग्रीक व अरब लेखकांना तें ठाऊक होतें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज तेथें आले आणि खाडीच्या उत्तर तीरावर, रेवदंड्यास, त्यांनीं आपलें ठाणें वसविलें. समोरचा डोंगर ज्याच्या हातीं, त्याच्या तोफांच्या माऱ्यांत खाडीचें मुख, हें शत्रुमित्र सर्वच जाणून होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानें त्या डोंगरावर तटबंदी उभारली. ती १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं जिंकून घेतली. पुढें १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई सर केली आणि १७४० सालीं चौल व कोर्लई हीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं. म्हणजे या डोंगरावर पोर्तुगीजांचा अंमल अवघा १४६ वर्षें टिकला.

ठाणें रिकामें होतें तेव्हां कोण जातो आणि कोण राहतो? ज्याच्याजवळ हुद्दा आहे, पैसा आहे, ज्याला दुसरीकडे आसरा आहे, तो गलबतांत बसतो. ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं, तो मागें राहतो. कोर्लईस असेच लोक राहिले: शिपायांनीं येथील स्त्रियांशीं थाटलेल्या संसारांतील मुलेंबाळें, नव्यानें ख्रिस्ती झालेले गरीब लोक, किल्ल्यावर राबणारे चाकर. त्यांची धनीमंडळी गेली. परंतु धन्यांशीं बोलतां बोलतां अंगवळणीं पडलेली भाषा मात्र त्यांच्या ओठांवर राहिली.

आश्चर्य हें कीं ती आजही आहे. आज सुमारें हजार माणसें ती बोलतात. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात. म्हणजे ‘आपली भाषा’. या नांवांत पोर्तुगालचा उल्लेखही नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. पण वाक्याची ठेवण आपल्या ओळखीची. पोर्तुगीज मनुष्य ‘मी खातो भात’ अशा क्रमानें बोलेल. कोर्लईकर मराठी माणसाप्रमाणें क्रियापद सहसा शेवटीं आणतो. शब्द एका समुद्रापलीकडचे, सांधा मात्र कोकणांतला! क्लेमेंट्स नांवाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९९६ सालीं या भाषेच्या घडणीवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

ही भाषा टिकली कशी? राजसत्तेच्या बळावर नव्हे, कारण ती सत्ता कधींच गेली होती. एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र. पूल होण्यापूर्वीं रेवदंड्यास जावयाचें तर होडीवांचून गति नव्हती. पण पाण्याहूनही खोल अशी दुसरी खाडी होती. धर्मामुळें हे लोक शेजाऱ्यांहून वेगळे पडले आणि जातीमुळें शेजाऱ्यांनीं त्यांना वेगळें ठेवलें. सोयरिकी बहुधा आपसांतच झाल्या, आणि आईची भाषा लेकरांकडे अखंड पोंचत राहिली. बाजारांत मराठी, घरांत नॉ लिंग, हा दुहेरी व्यवहार त्यांच्या स्वभावाचाच भाग बनला. ज्याला आपण त्यांचें वैशिष्ट्य म्हणून कौतुक करतों, त्याच्या मुळाशीं असा थोडासा दुरावाही आहे, हें आपण विसरूं नये.

आणि आपण तरी त्या वारशापासून कितीसे दूर आहों? सकाळीं पाव आणतों, भाजींत बटाटा घालतों, महिनाअखेर पगाराची वाट पाहतों, कुलुपाला चावी लावतों. हे सारे शब्द पोर्तुगिजांचेच. आपण चार शब्द घेतले. कोर्लईनें सबंध संसार त्यांत मांडला, एवढाच फरक!

आतां काळ पालटला आहे. खाडीवर पूल झाला आहे. १९६२ ते १९६५ पर्यंत भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेंत लोकभाषांना मुभा मिळाली आणि देवळांत मराठी आली. शाळा मराठींत, नोकऱ्या शहरांत. हें सर्व इष्टच आहे. गांव एकाकी राहावें असें त्या गांवाबाहेरच्यांनीं म्हणणें शोभत नाहीं. परंतु ज्या दुराव्यानें भाषा राखली तो सरतांच भाषाही सरावी काय, हा प्रश्न आज तेथील प्रत्येक आईसमोर उभा आहे. त्याचें उत्तर तिनेंच द्यावयाचें आहे. आपल्याकडून एवढेंच व्हावें कीं त्या भाषेला कोणी मोडकी अथवा परकी म्हणून हिणवूं नये. कारण लाजेनें जितक्या भाषा मेल्या, तितक्या तरवारीनें खचित मेल्या नसतील.

पुन्हा कधीं कोर्लईस गेलांत तर किल्ला अवश्य पाहा. पण उतरतांना गांवांत क्षणभर थांबा. तटावरचे चिरे ढासळत आहेत. ज्यांना कोणी सोबत नेलें नाहीं त्यांचे शब्द मात्र पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ उभे आहेत.