आरसी शर्यती मोटारीची चासी

रेडिओलहरींनी दुरून चालवल्या जाणाऱ्या छोट्या शर्यती मोटारीचा तळ म्हणजे चासी. मोटर, बॅटरी, स्टिअरिंगचा सर्व्हो आणि सस्पेन्शन हे सारे तिच्यावरच बसते. १/१० हे प्रमाण सर्वाधिक चालते. त्यातल्या टूरिंग वर्गाच्या मोटारीची रुंदी साधारण १९० मिमी असते आणि तळ जमिनीपासून जेमतेम ५ मिमी वर राहतो.

जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची १/१२ प्रतिकृती काढली. ती दिसायला देखणी होती. पण निव्वळ शर्यतीच्या हिशेबाने घडवलेली ऑफ-रोड मोटार म्हणून नाव झाले ते कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेड कंपनीच्या आरसी१० चे (१९८४). रॉजर कर्टिस यांनी आखलेल्या या मोटारीची चासी म्हणजे ॲल्युमिनियमची सोनेरी, उथळ तबकडीच होती. हलकी आणि ताठ. पुढच्याच वर्षी डेल मार येथे ऑफ-रोड गटाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि गिल लोसी (ज्युनियर) यांनी आरसी१० वर टू-व्हील ड्राइव्हचे विजेतेपद मिळवले.

आज डांबरी किंवा गालिच्याच्या ट्रॅकवर कार्बन फायबरच्या, सुमारे २ मिमी जाडीच्या पट्ट्या दिसतात. पकड कमी असेल तिथे थोडी लवचीक चासी टायरला जमीन धरू देते, तर पकड भरपूर असेल तिथे ताठ चासी बरी. म्हणून जास्त ताठ म्हणजे जास्त चांगली, हा समज सोडायला हवा.

चासीचा खरा शत्रू पीळ. एक टक्कर किंवा एक वेडावाकडा आवळलेला स्क्रू पुरेसा होतो, आणि मोटार डाव्या वळणावर एक वागते, उजव्या वळणावर दुसरेच. तपासणी सोपी आहे. मोटार सपाट जाड काचेवर ठेवायची, दाबून सोडायची आणि पुढचा भाग बरोबर मध्यावर सुरीच्या पात्याने हळूच उचलायचा. दोन्ही चाके एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटले, तर वरच्या पट्टीचे सगळे स्क्रू सैल करून चासी काचेवर बसवावी आणि ते तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. स्प्रिंगच्या जुळणीत हात घालण्याआधी हे करावे; बहुतेक जण नेमके उलटे करतात.

बांधणीच्या वेळी कार्बनच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने घासून त्यांवर पातळ सुपरग्लू फिरवतात, म्हणजे आपटल्यावर थर सुटत नाहीत. ती धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मास्क हवाच. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक लावावे. प्लास्टिकला ते लावू नये, तडे जातात. शर्यतीनंतर ब्रशने माती झाडावी, बेअरिंग हाताने फिरवून पाहावीत आणि डँपरमधले सिलिकॉन तेल गढूळले असेल तर बदलावे.

नवशिक्याने सुरुवातीलाच कार्बनच्या मागे लागू नये. तामियाच्या टीटी-०२ सारखी प्लास्टिकची चासी टकरा सोसते. पहिला खर्च तिच्या प्लास्टिकच्या बुशांऐवजी बॉल बेअरिंग बसवण्यावर करावा.