दिवाणखान्यातले चित्रपटगृह : स्पीकरची मांडणी आणि आवाजाची मापजोख

होम थिएटर घरी आणणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते. पडद्यावर स्फोट झाला की शोकेसमधली काचेची भांडी थरथरतात. मात्र पात्रांचे बोलणे ऐकू यावे म्हणून रिमोटवरून आवाज वाढवावा लागतो आणि पुढच्याच प्रसंगात तो घाईघाईने उतरवावा लागतो. दोष साहजिकच यंत्राला दिला जातो आणि मग अधिक वॉटचा, अधिक महागडा संच घेण्याचे विचार सुरू होतात. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा मांडणीचा असतो. खोक्यातून काढलेले सहा स्पीकर जिथे जागा सापडली तिथे ठेवले गेले आणि रिसीव्हरला त्या खोलीची कल्पनाच दिली गेली नाही, तर चांगला संचही असाच वागतो.

प्रेक्षकाला आवाजाने चहूबाजूंनी वेढण्याची कल्पना जुनी आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेशिया’साठी १९४०मध्ये ‘फँटासाउंड’ ही बहुवाहिनी ध्वनियोजना वापरण्यात आली होती. आपल्याकडे १९७५मध्ये ७० एमएम पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह आलेल्या ‘शोले’ने चित्रपटातला आवाज ही स्वतंत्र अनुभवण्याची गोष्ट आहे, हे प्रेक्षकांना दाखवून दिले. डॉल्बी डिजिटल हे तंत्र १९९२मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर चित्रपटगृहांत आले, पुढच्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले आणि डीव्हीडीच्या मार्गाने ‘५.१’ हा आकडा घरोघरी पोहोचला. यातले पाच म्हणजे समोरचे डावा, मधला व उजवा आणि मागच्या बाजूचे दोन असे पूर्ण क्षमतेचे मार्ग. दशांश चिन्हापुढचा एक म्हणजे केवळ खर्जातल्या परिणामांसाठी राखलेला, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच मार्ग. तो सबवूफरकडे जातो.

संवादांचा स्पीकर

या सहांत सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक महत्त्वाचा स्पीकर मधला. चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. आपल्या घरांत मात्र त्याला टीव्हीखालच्या कपाटाचा खण मिळतो, तोही आत सरकवलेला. त्या खणाच्या लाकडी पेटीत आवाज घुमतो आणि शब्दांची कड बोथट होते. स्पीकरचे तोंड फळीच्या कडेबरोबर आणावे किंवा किंचित बाहेर काढावे, आणि तो कानांच्या पातळीखाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचा तुकडा सारून बसणाऱ्याच्या चेहऱ्याकडे तिरका करावा. एवढ्यानेच पुष्कळ घरांतली निम्मी तक्रार मिटते.

डावा आणि उजवा स्पीकर बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीस अंशांवर असावेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. कोनमापक शोधत बसण्याची गरज नाही. दोन स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण झाला, की हा कोन आपोआप साधतो. मागचे म्हणवले जाणारे दोन स्पीकर खरे तर मागे नव्हे, बाजूला हवेत. मध्यरेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. दुकानातल्या चित्रात ते खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत दाखवलेले असतात आणि लोक ते चित्र प्रमाण मानतात. सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर सोफ्याच्या दोन्ही अंगांना, कानांपेक्षा दीड-दोन फूट उंचीवर ते लावावेत. एका बाजूला भिंतीऐवजी स्वयंपाकघराकडे जाणारी वाट असेल, तर तिथे स्टँड वापरावा. दोन्ही बाजूंची उंची सारखी राहिली पाहिजे.

खर्ज आणि खोली

सबवूफरची जागा ठरवताना मात्र भूमितीपेक्षा खोलीचा स्वभाव पाहावा लागतो. प्रत्येक खोली तिच्या मापानुसार काही ठरावीक खर्ज स्वर फुगवते आणि काही गिळून टाकते. पंधरा फूट लांबीच्या दिवाणखान्यात हा पहिला स्वर सुमारे ३८ हर्ट्झवर येतो, तर दहा फूट रुंदीमुळे येणारा ५६ हर्ट्झच्या आसपास. छताची उंचीही दहा फूट असेल, तर रुंदी आणि उंची या दोहोंचा भार एकाच स्वरावर पडतो आणि तेवढाच एक स्वर घुमत राहतो. चौकोनी डब्यासारख्या खोल्या या कारणाने सर्वांत त्रासदायक. लांबीच्या अगदी मध्यावर बसले, तर तो पहिला स्वर जवळपास नाहीसा होतो आणि पाठ भिंतीला टेकवली, तर तो अवाच्या सवा वाढतो. शक्य असल्यास सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

जागा शोधण्याची एक जुनी युक्ती जाणकार अजूनही वापरतात. सबवूफर उचलून चक्क सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, खर्जातले सलग संगीत लावायचे आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरायचे. जिथे खर्ज भरीव पण सुटसुटीत ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. घरातली मंडळी हसतील. पण कोणत्याही आकडेमोडीपेक्षा ही रीत लवकर उत्तर देते.

मोजमाप

आता रिसीव्हर. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : प्रत्येक स्पीकरची क्षमता, त्याचे अंतर आणि त्याची पातळी. क्षमतेच्या जागी ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ असे पर्याय दिसतात. स्पीकर दिसायला मोठा असला, तरी संचात सबवूफर असताना ‘स्मॉल’ निवडणेच बहुधा हिताचे. म्हणजे ८० हर्ट्झखालचा भार सबवूफरकडे वळतो. या मर्यादेखालचा आवाज कोणत्या दिशेने आला हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणूनच एक सबवूफर साऱ्या खोलीला पुरतो. मुठीएवढ्या स्पीकरसाठी ही सीमा १२० ते १५० हर्ट्झपर्यंत वर न्यावी लागते. सबवूफरच्या मागच्या बाजूला अशीच सीमा ठरवणारे बटण असते. ते पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवावे, अन्यथा एकच गाळणी दोनदा लागते.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे एक फूट कापायला त्याला मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. समोरचा स्पीकर नऊ फुटांवर आणि बाजूचा चार फुटांवर असेल, तर बाजूचा आवाज चार-साडेचार मिलिसेकंद आधी पोहोचतो. टेपने मोजलेली अंतरे भरली, की रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढे थांबवतो. अंदाजाने आकडे भरण्यापेक्षा पाच मिनिटे टेप धरणे बरे.

पातळीसाठी रिसीव्हर एकेका स्पीकरमधून ‘शूऽऽ’ असा सलग चाचणीध्वनी सोडतो. ध्वनिमापक बसल्यावर कान येतात त्या उंचीवर धरून, ‘सी’ वेटिंग आणि ‘स्लो’ ठेवून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणावा. मोबाइलवरचे ॲप नेमका आकडा सांगेलच असे नाही, खर्जात तर ते हमखास चुकते. पण पाच स्पीकरांची आपसांत तुलना करण्यापुरते ते चालते.

आजच्या बहुतेक रिसीव्हरांत हे सारे मायक्रोफोन लावून आपोआप होते. ऑडिसी, यामाहाची वायपीएओ, डिरॅक ही त्यातली परिचित नावे. मायक्रोफोन मात्र हातात धरू नये किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवू नये. तो कानांच्या उंचीवर ट्रायपॉडवर हवा. पंखा, एसी बंद असावा. मोजणी चालू असताना कुकरची शिट्टी झाली, तर ती पुन्हा करावी. आणि यंत्राने काढलेला निष्कर्ष डोळे मिटून स्वीकारू नये. मोठ्या स्पीकरांना ‘लार्ज’ ठरवण्याची खोड बऱ्याच रिसीव्हरांना असते.

लाल तार लालला आणि काळी काळ्याला, ही साधी बाब सर्वाधिक चुकते. एका स्पीकरची जोडणी उलट झाली, तर खर्ज पोकळ होतो आणि मधोमध ऐकू यायला हवे ते कुठेतरी तरंगत राहते. टीव्हीकडून आवाज घेताना एचडीएमआयच्या ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ जोडणीला प्राधान्य द्यावे आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ आहे ना, हे पाहावे. ते न पाहिल्याने सहा स्पीकरांच्या संचावर दोनच वाहिन्या ऐकणारी घरे कमी नाहीत. सतत घुमणारा ५० हर्ट्झचा हुंकार बहुधा अर्थिंगचा किंवा केबलच्या तारेतून येणारा असतो. तो घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. त्यात जिवाला धोका आहे.

फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या यांनी सजलेल्या फ्लॅटमध्ये एकच टाळी वाजवून पाहावी. तिच्यामागून तुरतुरता प्रतिध्वनी आला, तर संवादही तसेच पुसट होतात. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा किंवा सतरंजी, खिडकीला वजनदार पडदे आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्याने पुष्कळ सुधारणा होते. खर्जावर मात्र पडद्यांचा परिणाम होत नाही.

खर्जाचा दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वाढता कामा नये. भिंती आणि स्लॅब उंच स्वर बऱ्यापैकी अडवतात, खर्ज मात्र खालच्या मजल्यावर पोहोचतो. सबवूफरखाली जाड फोम किंवा रबराची बैठक ठेवावी आणि रात्री रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ चालू करावा. त्यामुळे स्फोट दबतात आणि संवाद वर येतात. फर्निचर हलवले, गालिचा काढला किंवा सोफ्याची जागा बदलली, तर मोजणी पुन्हा करावी लागते.